नाव न घेता सांगितलेली गोष्ट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. शाळेतला उत्तम समुपदेशक म्हणून माझं जे कौतुक झालं, ते सहावीतल्या एका मुलाचं गुपित भर परिपाठात फोडल्याबद्दल झालं.

आमची शाळा डहाणूहून बोर्डीला जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथे मराठी शिकवायचो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी एक समुपदेशक नेमा, असं वरून आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूमवर नजर फिरवली. गणिताचे सर घाईघाईने वह्या तपासायला लागले. विज्ञानाच्या मॅडमना खिडकीबाहेरची चिकूची झाडं एकदम बघावीशी वाटली. मी वर बघितलं. माझी पात्रता एवढीच.

मग तलासरीला प्रशिक्षण झालं. पडद्यावर ‘ऐकणे ही एक कला आहे’ असं झळकत होतं आणि ते वाचून दाखवणारे साहेब सकाळपासून कोणाला तोंड उघडू देत नव्हते. जेवणातली डाळ पातळ होती यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं आणि प्रमाणपत्रं घेऊन आम्ही हायवेवर बसची वाट बघत उभे राहिलो.

खेळाच्या सामानाच्या खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली. आत तुटकी लेझीम, हवा गेलेले फुटबॉल आणि मी. मूल आलं की मी सांगायचो, “अभ्यासात लक्ष दे, मोबाईल कमी बघ.” मूल म्हणायचं, “हो सर.” झालं समुपदेशन. ज्यांच्या घरात मोबाईलच नव्हता, त्यांनाही मी तो कमी बघायला सांगितला आहे.

तो मुलगा जेवणाच्या सुट्टीनंतर आला. रानशेतकडचा, मामाने आणून वसतिगृहात घातलेला. हवा गेलेला एक फुटबॉल दाबून बघितला. मग म्हणाला, “सर, कोणाला सांगणार नाय ना?”

“अरे, त्यासाठीच तर बसलोय मी इथे.”

“ती जेवण वाढणारी मावशी आहे ना... ती माझी आय आहे.”

मला हसू आलं. “मग तू तिला मावशी का म्हणतोस रे?”

“तीच बोलली, मावशी बोल.”

त्याने तुटक तुटक सांगितलं. आधीच्या स्वयंपाकीणबाईंचा मुलगा याच शाळेत होता. त्याच्या ताटात जास्त पडतं म्हणून पोरांनी ओरड केली, पालक भांडायला आले, बाईचं काम गेलं. त्यामुळे त्याच्या आईला ते काम मिळालं तेव्हा तिने ठरवलं, शाळेत आपण एकमेकांचे कोणी नाही. मुलाजवळ राहता येतंय, पुरे. पण कोणाला संशय यायला नको म्हणून ती त्याला इतरांपेक्षा कमी वाढायची.

“परत मागितलं तर डोळे मोठे करते. भूक राहते, सर. तुम्ही सांगा ना तिला, बाकीच्यांएवढं तरी वाढ.”

काम एवढंच होतं. अंगण ओलांडून स्वयंपाकघरात जायचं, बाईला बाजूला घेऊन एक वाक्य बोलायचं. आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं, की बाई चोख आहे, तिला सांभाळून घ्या.

मी काय केलं? मी त्याला श्रमाची लाज बाळगू नये यावर भाषण दिलं. लाजेचा शब्दही त्याने काढला नव्हता. पण प्रशिक्षणात लाजेवर धडा होता, भुकेवर नव्हता. भाषण संपल्यावर तो म्हणाला, “हो सर. पण तुम्ही सांगाल ना?” मी म्हटलं, “बघतो.”

त्याच आठवड्यात एक अधिकारी भेटीला येणार होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, “परिपाठाची बोधकथा तुम्हीच सांगा. समुपदेशक ना तुम्ही! असं काहीतरी सांगा, की साहेब गार पडले पाहिजेत.”

प्रार्थना झाली, सुविचार झाला आणि मी माईक घेतला. “एक मुलगा होता. त्याची आई दुसऱ्यांच्या मुलांना जेवू घालायची आणि तो तिला आई म्हणायला लाजायचा...” चक्क लाजायचा म्हणालो मी! आवाज खाली आणला, थांबलो, पुन्हा चढवला. “मी नाव घेणार नाही,” असंही म्हणालो, मोठ्या थाटात.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने सहावीच्या रांगेत आपल्या मुलाला शोधलं. तिची नजर जिथे थांबली, तिथे सगळ्या शाळेच्या माना वळल्या.

साहेबांनी रुमाल काढला. “वा सर! डोळ्यांत पाणी आणलंत.” टाळ्या झाल्या. मी वाकून त्या घेतल्या.

दुपारी जेवणाच्या रांगेत आठवीतला एक जण ओरडला, “ओ मावशी, एने डबल आपो, तुमचाच हाय ना!” रांग खिदळली. ‘याला डबल द्या’ हे त्याने गुजरातीत म्हटलं; गुजरातच्या सीमेजवळच्या आमच्या पोरांना टोमणा मारायला एक भाषा पुरत नाही. मुलाने ताट पुढे केलं. सगळे बघत होते, म्हणून आईने त्याला त्या दिवशी रोजच्यापेक्षाही कमी वाढलं. मी शिक्षकांच्या टेबलावर बसून ते बघितलं आणि जेवत राहिलो.

पुढे पालकांची कुजबुज सुरू झाली. “उगाच बोलणी नकोत,” असं म्हणून मुख्याध्यापकांनी बाईला कामावरून काढलं. मी केबिनमध्येच होतो. बोललो नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामा येऊन मुलाला घेऊन गेला. तो परत आला नाही.

आता मी दुसऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देतो. ‘मुलाने सांगितलेलं कोणाला सांगू नये’ हा तास माझ्याकडे असतो. फार रंगतो म्हणतात. माझ्यासमोर बसलेली मंडळीही डाळीबद्दल बोलत असतात आणि मला त्यांची कीव करायचाही हक्क नाही.

रानशेत लांब नाही. बस जाते. मी गेलेलो नाही. मी त्या मुलाची आणि त्याच्या आईची माफी मागायला हवी. त्या आईचं काम माझ्यामुळे गेलं, हे मुख्याध्यापकांना आणि शाळेला मी त्याच माईकवरून सांगायला हवं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.