चहाच्या रंगाची काच

गाडी सुरू करण्याआधी सखारामदादा खाली उतरून बॉनेटवर दोन थापा मारायचे, मग मागच्या दारातून आत डोकावून बसलेल्यांवर नजर फिरवायचे आणि मला विचारायचे, "मास्तर, समदी मेंढरं आली का?" मी कंडक्टर. तिकिटं फाडणाऱ्याला आमच्याकडं तेव्हा मास्तर म्हणत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न ऐकून मी गडबडलो, कारण पुढच्या बाकावर पाथरीचे दोन वकील बसले होते. पण वकीलही हसले. दादांचं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

दादा मूळचे मेंढपाळाच्या घरातले. लढाईच्या काळात फौजेच्या गाड्यांवर राहून मोटार शिकले आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर आमच्या मालकाच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागले. पाथरीहून सकाळी निघायचं, मानवत घेऊन परभणी गाठायची आणि संध्याकाळी परत पाथरी. "गाडी हाकायची नसती मास्तर, राखायची असती," असं ते म्हणत. रस्त्यात खड्डा आला की जिभेनं च्यक् च्यक् करून गाडीला समजावत. गाडीला ते समजायचं की नाही ठाऊक नाही, पण खड्डे मात्र कमी लागायचे.

त्या रस्त्याला एकच खोड होती. सकाळी परभणीकडं निघालं की सूर्य समोर, आणि संध्याकाळी पाथरीकडं वळलं की तोही वळून पुन्हा समोर. दादांच्या डोळ्यांत आधीच खुपऱ्या. उन्हानं डोळ्यांतून धार लागायची. एका हातात चाक, दुसऱ्या हातात उपरण्याचं टोक. एका सकाळी मानवतच्या पुढं, डोळे पुसता पुसता, कडब्यानं भरलेली बैलगाडी त्यांना ऐन वेळी दिसली. त्यांनी मोटार बाजूच्या चरात घातली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, पण गयामावशीची वांग्याची पाटी उलटली आणि साऱ्या गाडीत वांगी लोळली.

गयामावशी मानवतची माळीण. रोज आमच्या गाडीनं भाजी घेऊन परभणीला यायची. ती वांगी गोळा करता करता म्हणाली, "सख्या, आज वांगी सांडली. उद्या माणसं सांडतील."

दादांनी माणसं लावून मोटार चरातून बाहेर काढली. परभणीला पोचल्यावर सरळ डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, उन्हात रंगीत काच लावा, नाहीतर मोटार सोडा.

त्याच संध्याकाळी दादांनी बाजारातून काळाकुट्ट चष्मा घेतला. दुसऱ्या दिवशी पाथरीच्या स्टँडवर गाडीच्या पायरीवर बसून ते तंबाखू मळत होते. एक म्हातारी आली, त्यांच्याकडं बघून हळहळली आणि तळहातावरच्या तंबाखूवर एक ढबू पैसा ठेवून पुढं गेली. आमच्या भागात तोवर काळा चष्मा फक्त आंधळ्या भजनकऱ्यांच्याच डोळ्यांवर बघितलेला. ढबू पैशाचं दादांना काही वाटलं नाही, पण गाडीत जाऊन बसलेली तीच म्हातारी दादांना चाकापुढं बसताना बघून अशी किंचाळली, की तिच्यामागं अर्धी गाडी रिकामी झाली. "आंधळा चालवायलाय, उतरा!" मी ओरडून सांगत होतो की त्यांना दिसतं. एक जण म्हणाला, "दिसतं तर मग आमाला त्येचे डोळे का दिसंनात?"

मग मालकाच्या पुतण्यानं आपला निळ्या काचांचा, हैदराबादेहून आणलेला शौकाचा चष्मा दिला. चैत्राचे दिवस. निम्म्या वाटेत दादांनी गाडी थांबवली आणि मला टपावर चढून सामानावर ताडपत्री टाकायला लावली. "आभाळ लय भरून आलंय मास्तर." मी तापलेल्या पत्र्यावर तळवे भाजत उभा, आणि आभाळात चिमणीएवढा ढग नाही. खाली उतरून मी त्यांच्या नाकावरचा चष्मा वर उचलला. त्यांनी आभाळाकडं बघितलं, माझ्या तळव्यांकडं बघितलं आणि तो चष्मा गुपचूप परत केला.

मालक वैतागले. म्हणाले, "पाशिंजरं चढतील असा चष्मा घाला, न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल." दादांना त्या रात्री जेवण गेलं नाही, असं वहिनी सांगत होत्या. दुसरा धंदा येत नव्हता. मेंढरं भावाकडं गेलेली आणि मोटारीवर जीव जडलेला.

पण माणूस हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी गयामावशीलाच गाठलं. काळ्या चष्म्याच्या दिवशी मानवतला उरलेली गाडी रिकामी करण्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "मावशे, काच तूच पसंत कर. तुला पटली तर गाडीला पटली." मावशीनं भाजी विकून झाल्यावर पाटी डोक्यावर घेतली आणि आम्ही तिघं स्टेशनजवळ करीमचाचांच्या दुकानात गेलो. चाचा घड्याळं दुरुस्त करायचे आणि चष्मे विकायचे. त्यांनी आरसा पुढं केला. मावशी म्हणाली, "आरसा ठिवा चाचा. ह्येला नवरदेव व्हायचं न्हाई. उजेडात चला."

भर रस्त्यात, उन्हात उभं राहून मावशीनं एकेक चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला. काळा लावला आणि लगेच काढला. "आवस. नुसता अंधार." निळ्यातून तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्या मास्तराचे ओठ बघ की रं, मढ्यावानी." जांभळा होता, तो तिनं हातातही घेतला नाही. मग हिरवा लावून ती आपल्या पाटीत उरलेल्या, दुपारच्या उन्हानं माना टाकलेल्या मेथीकडं बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"चाचा, ह्यो केवड्याला?"

"पसंद आया क्या, अम्मा?"

"ड्रायव्हरला नगं. माझ्या गिऱ्हाइकाला घालते."

चाचा हसता हसता खाली बसले. दादा मात्र घामाघूम झाले होते. त्यांची नोकरी त्या रस्त्यावर उभी होती. शेवटी चाचांनी आतून एक जुनी पेटी आणली. जहागिरी गेल्यावर कितीतरी जहागीरदारांच्या घरांतल्या वस्तू परभणीच्या जुन्या बाजारात आल्या होत्या, त्यातलाच एक चष्मा. जुन्या घडणीचा, गोल काचांचा, काड्यांना सोन्याचं पाणी आणि काचा फिक्या चहाच्या रंगाच्या. मावशीनं तो दादांच्या डोळ्यांवर चढवला, त्यांना सूर्याकडं तोंड करून उभं केलं आणि समोर उभी राहिली.

"पाणी येतंय का?"

"न्हाई."

"ती भिताडाकडची काळी शेळी दिसायलीय का?"

"दिसायलीय. गाभण हाय."

"आता माज्याकडं बघ." तिनं मान वाकडी करून काचेतून दादांचे डोळे निरखले. "दिसतेत. डोळे दिसतेत. ह्येच घे."

त्यानंतर मावशीनं त्या चष्म्याची हमी आपल्या अंगावर घेतली. कुणी पायरीवर घुटमळलं की ती आतून ओरडे, "चढ की! म्या बघून घेतलाय त्यो!" गाडी पुन्हा भरायला लागली. लोकांचा विश्वास बसला हे मला कळलं ते एका संध्याकाळी. परभणीहून निघाल्यावर मावशी सारा वेळ दादांच्या पाठीवर डोळे रोखून बसायची. त्या दिवशी ती पाटीवर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली. मानवत आलं, आम्ही दोन-तीनदा हाका मारल्या, तरी उठेना. दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. लय दिवसांनी झोप लागलीय तिला." आणि त्यांनी पाशिंजरांना विचारून गाडी तिच्या घराकडच्या वेशीपर्यंत आत नेली.

एक घोटाळा मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. वाटेतल्या खेड्यांतले म्हातारे त्या चष्म्याला घाबरू लागले. गोल काचा, सोनेरी काड्या, तेही मोटारीत, म्हणजे जहागीरदारच! मोटार दिसली की पारावरचे दोघं-तिघं धडपडून उठत, वाकून सलाम करत. पहिल्या दिवशी दादांनी गोंधळून सलाम परत केला. दुसऱ्या दिवशी मान फिरवली. मी हसत होतो, पण ते हसेनात. म्हणाले, "मास्तर, माजा बाप असल्या चष्म्याम्होरं वहाणा काढून उभा ऱ्हायचा. चराईवरून शिव्या खायचा. ही माणसं माज्या बापाच्या वयाची हायत."

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाराजवळ गाडी थांबवली. म्हातारे उठायच्या आत खाली उतरले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "रामराम पाव्हणं. म्या सखाराम, मेंढरंवाल्या भिवाचा ल्योक. बसा, बसा, उठू नगा." एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भिवाचा व्हय? मग आमाला उगा उठवलंस की रं!" आणि त्यानं सगळ्यांदेखत दादांना एक इरसाल शिवी हासडली. दादा शिवी ऐकून इतके खूश झाले की पाथरीपर्यंत ती स्वतःशीच म्हणत गेले.

पुढं त्या रस्त्यावर सरकारी गाड्या आल्या. मालकानं मोटार विकली. मी सरकारी नोकरीत शिरलो. दादांना कागदपत्रांअभावी घेतलं नाही. ते येलदरीला धरणाच्या कामावर पाण्याची गाडी चालवायला गेले. निरोपाच्या दिवशी मोठं काही झालं नाही. गयामावशीनं त्यांच्या पिशवीत निवडून वांगी भरली आणि पैसे घ्यायला नाही म्हणाली. एवढंच.

काही वर्षांनी मी मुद्दाम येलदरीला गेलो. दादांचं चालवणं सुटलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भावाचा मुलगा मेंढरं घेऊन तिकडं उतरला होता, त्याच्या पालापुढं ते बसले होते. डोळ्यांवर काहीच नव्हतं. माझा आवाज ओळखून म्हणाले, "या मास्तर. डाक्तर म्हणतो मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू. पिकू द्या म्हणं! आंबा हाय का काय?"

आम्ही चहा प्यालो. मेंढरं कुठं गेली ते आवाजावरून सांगत होते. मग काठी टेकत माझ्यासोबत पूर्णेच्या काठापर्यंत आले. पावसाळा नुकताच सरत आला होता. वर धरणाचं काम चालू होतं, सुरुंगाचे आवाज येत होते.

"मास्तर, पाणी कसं दिसायलंय? रंग कंचा?"

मी बघितलं. खरं सांगावं की त्यांना बरं वाटेल असं काही सांगावं, क्षणभर कळेना. मग म्हणालो, "गढूळ हाय दादा. मातीचं हाय नुसतं."

ते मोकळेपणानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं. गावचे समदे मला निळं निळं सांगायलेत."

मग तो हात खांद्यावर तसाच ठेवून ते म्हणाले, "आता परतीला न्या. तुमी बघा, म्या चालतो."