हात न लावलेला वाफा

आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या सांगण्यात खरी मानली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा त्यांनी महिनाभर गच्चीवर उभं राहून तपासलं असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सिन्नरकडच्या खेड्यातून नाशिकला बी.एस्सी. करायला आले होते. पहिल्याच तासाला एक मुलगा म्हणाला, गोळी घेतली आणि पाच दिवसांत सर्दी गेली. सर म्हणाले, "गोळी न घेता किती दिवसांत जाते, ते पाहिलंस?" बिचाऱ्याने पुढची सर्दी बिनगोळीची काढली आणि रोज शिंका मोजून सरांना सांगितल्या. स्वतः सर चहा दोन कपांत घेत, एक आल्याचा, एक बिनआल्याचा. तुलनेला काही नसेल तर आल्याने बरं वाटलं असं म्हणायचा आपल्याला अधिकार काय, हा त्यांचा सवाल.

कोण कोणाला खाऊन जगतं हे शिकवायला ते आम्हाला गोदावरीच्या काठी गवतात न्यायचे. तारेची हातभर चौकट डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकायची आणि पडेल तिथे आतलं सगळं मोजायचं. डोळे उघडे ठेवले की माणूस नेमका फुलं असतील तिथेच फेकतो, म्हणून डोळे मिटायचे. एकदा ती चौकट झाडाखाली झोपलेल्या आमच्या शिपायाच्या पोटावर पडली. सरांनी नियम मोडला नाही. "लिहा," म्हणाले, "मनुष्य, एक. त्याच्यावर मुंग्या, सहा."

पण त्यांचा खरा जीव होता घरामागच्या वांग्यांच्या दोन वाफ्यांत. एकावर ते कीड मारायची पावडर टाकत, दुसऱ्याला हात लावायचा नाही. मावा ही बारीक कीड झाडाचा रस शोषते, ढालकिडे माव्याला खातात. पावडरीने दोघेही मरतात आणि पुन्हा आधी वाढतो तो मावाच. तेव्हा निसर्गाचं काम निसर्गाला करू द्यावं, असा त्यांचा अंदाज. आणि खरंच, तीन हंगाम तो हात न लावलेला वाफा असा टवटवीत, की बघत राहावं. मी गावी जाऊन ही फुशारकी मारली. माझ्या वडिलांची, अण्णांची, अर्धा एकर वांगी होती आणि माझं शेवटचं वर्ष त्या वांग्यांवरच होतं. ती गेली तर कॉलेज सुटलं. अण्णा एकदा सरांना भेटून खात्री करून आले. "सर म्हणत्यात तर नाय टाकत पावडर," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी सरांच्या त्या हात न लावलेल्या वाफ्यात मावा मोजताना मला भिंगातून पानांवर करडे कण दिसले. सर हरखले. ही अनोळखी बुरशीच माव्याला मारत असणार, म्हणून दोन दिवस त्यांनी तिची चित्रं काढली. तिसऱ्या दिवशी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहाचे दोन कप घेऊन आल्या, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ती चुलीतली राख आहे."

"कोणी टाकली?"

"मी. रोज सकाळी, तुमच्या दाढीच्या वेळेला. एकाला रोज औषध आणि दुसऱ्याकडे कोणी बघायचंही नाही? पोटच्या पोरांत असं कोणी करतं का?"

अण्णांच्या वांग्यांवर कोणीच राख टाकत नव्हतं. सर दोन्ही कप तसेच ठेवून उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "सिन्नरची एस.टी. किती वाजता आहे?"

आम्ही पोचलो तेव्हा शेंडे माव्याने काळे पडले होते. बांधावर उभं राहून सर अण्णांना म्हणाले, "माझं चुकलं. मला जे माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं." एवढा शिकलेला माणूस आपल्या बापापुढे असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला रडूच आलं. अण्णांनी राखेची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाले, "राख व्हय? आमची आय बी टाकायची. आमीच सोडलं." गावातल्या चुलींमधून पोतं भरून राख जमली. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर ओळी धरून राख टाकली. शेवटी मात्र हळूच म्हणाले, "दोन ओळी मोकळ्या सोडाल का? तुलनेला." अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. पण सोडल्या. त्या दोन ओळी गेल्या, बाकी निम्म्याहून जास्त वांगी हाती लागली आणि माझं वर्ष वाचलं.

सरांनी मग तिसरा वाफा केला, राखेचा. तो रीतसर काकूंच्या ताब्यात दिला आणि वहीत त्यांचं नाव घातलं.

काही वर्षांनी काकू गेल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. मी स्वतः तोवर शाळेत शिकवत होते. घरात गॅस आला होता, तरी परसात तीन विटांची चूल होती, फक्त राखेसाठी मांडलेली. राखेच्या वाफ्यातली वांगी छान होती.

"आता राख कोण टाकतं, सर?"

"मीच. दाढीच्या वेळेला."

मी उगाच धीर द्यायला म्हटलं, "म्हणजे प्रयोग चालूच आहे." सरांनी आतून वही आणली आणि पान उघडून माझ्यापुढे धरली. काकूंच्या शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ होती. त्याखाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : इथून पुढच्या नोंदी आधीच्या नोंदींत मिसळू नयेत. हात बदलला आहे.