अंधारात ठेवायचं झाड

नेकनूरच्या स्टँडवर एस.टी. यायच्या आधी आप्पांनी माझी बॅग शेजारच्या आडतीत नेऊन धान्याच्या काट्यावर ठेवली. विमानात चालतं त्यापेक्षा दोन किलो जास्त भरली. आईनं बाजरीच्या पिठाची पिशवी काढून घेतली, आणि गाडी हलली तेव्हा ती पिशवी पोटाशी धरून उभी होती. "लई लांब चाललीस," एवढंच म्हणाली. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, वृद्धाश्रमात नर्स म्हणून मी निघाले होते. त्याला आता सहा वर्षं झाली.

तिथं मार्गारेट नावाच्या नव्वदीच्या बाई माझ्याकडे होत्या. त्यांच्या खिडकीत एक कुंडी होती, ख्रिसमस कॅक्टसची. त्यांच्या आईच्या हातचं झाड. चपट्या पानांच्या साखळ्या दोन्ही बाजूंनी लोंबायच्या आणि डिसेंबरात प्रत्येक टोकाला गुलाबी फूल यायचं. रविवारच्या फोनवर मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "निवडुंग घरात कावून ठिवत्यात?" आमच्याकडे निवडुंग बांधावर. याला काटे नसतात, हे तिला अजूनही पटलेलं नाही.

मार्गारेट गेल्या. त्यांचा मुलगा खोली आवरायला आला आणि कुंडी नेतेस का, नाहीतर टाकून देतो म्हणाला. मी ती कोटाच्या आत धरून घरी आणली.

मार्गारेटबाईंनी वर्षभराचं सगळं मला सांगून ठेवलं होतं. मी ते आपल्या महिन्यांत बसवून घेतलं. संक्रांतीनंतर पाणी कमी, झाडाला निजू द्यायचं. पाडव्याला माती बदलायची. आषाढाच्या सुमाराला शेंडे खुडायचे. आणि दसरा जवळ आला, की रोज संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत वर खोकं झाकून पूर्ण अंधार. मध्ये दिवा लागला, तर कळी धरत नाही.

हे शेवटचंच मला जमेना. ड्युटीवरून आले की हात आपोआप बटणावर जायचा. कधी खोकं झाकायची विसरायचे, कधी झाकलेलं काढायची. दोन डिसेंबर झाड नुसतं हिरवं राहिलं. आई दर रविवारी विचारायची, "आलं का गं फूल?" मला उगाच अपराधी वाटायचं.

तिसऱ्या वर्षी खोकं झाकायला सुरुवात केली, त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. आई अंगणात घसरली होती, खुबा मोडला होता, बीडला ऑपरेशन ठरलं होतं. मी एका महिन्याची रजा काढली. निघताना खोकं काढून ठेवलं, झाडाला भरपूर पाणी घातलं आणि दार ओढून घेतलं. शेजारणीला किल्ली द्यावी, हेसुद्धा सुचलं नाही.

नेकनूरला मी आईला उठवत होते, बसवत होते, कुशीवर वळवत होते. इतकी वर्षं मी हेच परक्यांच्या आयांचं करत आले होते, हात सराईत झाले होते. पण आई माझ्या हातात अंग सैल सोडेना. मी आधार दिला की दुखतंय म्हणायची. आप्पांनी नुसतं बोट पुढं केलं तरी उठायची. एक दिवस मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं विचारलं,

"त्या झाडाला कोन झाकतंय?"

"कुणी नाही."

"मग जा की तू. मला तुझे आप्पा हायेत. त्येला कोन हाय?"

ती थट्टा करत होती, रुसली होती, की मला मोकळं करत होती, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. रजा संपली तशी मी निघाले. आठच दिवसांत आप्पांनी व्हिडिओ पाठवला: आई वॉकर धरून ओसरीपर्यंत चालत होती. तो मी किती वेळा पाहिला कोण जाणे. आनंद झाला, आणि माझ्यासमोर एक पाऊलही का टाकलं नाहीस, असंही वाटलं.

झाड मात्र मी परतले तेव्हा वाळलं नव्हतं. प्रत्येक टोकाला मोहरीएवढी लाल कळी होती. महिनाभर घरात दिवा लावायलाच कुणी नव्हतं. मी नव्हते, म्हणून त्याला हवा तेवढा अंधार मिळाला.

डिसेंबरात फुलं उमलली तेव्हा आईला फोनवर दाखवली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, "लई ग्वाड हाय. बरं झालं आलतीस ते." कुणासाठी बरं झालं, तिच्यासाठी की झाडासाठी, हेही मी विचारलं नाही.

माझ्यासारखे जे लांब गेलेत आणि जे मागं राहिलेत, त्यांना हे लिहितेय. कुणाला उलगडलं असेल, तर सांगा. आई माझ्याविना चालायला लागली, झाड माझ्याविना फुललं. दोन्हीकडं माझ्यावाचून काही अडत नाही, आणि दोन्हीकडून निघताना माझा पाय निघत नाही. पाय निघत नाही त्या जागेला घर म्हणत असतील, तर मला दोन घरं आहेत. जिथं आपल्यावाचून अडतं त्याला घर म्हणत असतील, तर एकही नाही.