उलार नाव

खानदेशात मी नावा बांधायला शिकलो असं सांगितलं की मुंबईकडची माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. पण त्या काळी आमच्या बाजूला तापीवर पूल नव्हता आणि माणसांना पलीकडे जायची खोड होती. प्रकाशा या गावाजवळ एका लाकूडव्यापाऱ्याच्या वखारीत सातपुड्यातल्या सागाच्या नावा होत. त्या वर्षी एका संस्थानिकाला शिडाची, गाद्या-लोडांची, नुसती हिंडायची नाव हवीशी वाटली. व्यापाऱ्याने गुजरातच्या किनाऱ्यावरून मिस्त्री आणला आणि औद्योगिक शाळेने आम्हा तिघा विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी त्याच्या हाताखाली धाडलं. प्रात्यक्षिक म्हणजे काय, तर फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा. कापसाच्या मुलखातल्या पोराला कापूस ठोकायला शाळा कशाला लागते, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

रविवारी सुट्टी. मग आम्ही तिघं कधी प्रकाशाच्या घाटावर, कधी एखाद्या बैलगाडीला लोंबकळत थेट उनपदेवच्या गरम झऱ्यापर्यंत. झऱ्यात तांदूळ शिजतात असं कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही पुरचुंडी बांधून पाण्यात सोडली आणि दुपारपर्यंत भोवती बसून राहिलो. तांदूळ छान न्हाऊन निघाले, शिजले मात्र नाहीत. ते तसेच चावत आम्ही परत आलो आणि जेवण उत्तम झालं असं वखारीत सांगितलं.

अशाच एका रविवारी माझं लग्न ठरायचं होतं, किंवा मोडायचं होतं.

मुलगी म्हसावदची. आमचं गाव ब्राह्मणपुरी, दोन्ही घरं शेतकऱ्यांची, तेव्हा तसं अडायला काही नव्हतं. तिला मी एकदाच पाहिलं होतं, एका लग्नाच्या पंगतीत. ती वाढत होती आणि मी ताट सोडून तिच्याकडे बघत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "भूक व्हई तं माग, नही तं खाले दखीसन जेव." मी खाली बघून जेवलो आणि त्या दिवसापासून मला दुसरी कुणी नको झाली. पण तिच्या वडिलांना माझ्यात एक खोट दिसत होती. शेतकऱ्याचा पोरगा, त्याने औत सोडून रंधा धरला. बरं, धरला तर धरला, गाड्या तरी कराव्यात! म्हसावदात नाव कुठे चालवायची, विहिरीत?

शेवटी माझ्या मामाने तोड काढली. मंडळींनी प्रकाशाला दर्शनाला यायचं आणि जाता जाता मुलाचं काम बघायचं. नाव नुकतीच चाचणीसाठी पाण्यात सोडली होती. मिस्त्रीने डोहात एक फेरी मारायची परवानगी दिली आणि स्वतः काठावर बिडी ओढत बसला. माझे दोघे मित्र जिलेबीच्या कबुलीवर वल्ही मारायला तयार झाले. सुकाणू माझ्या हातात.

मंडळी आली. मुलीचे वडील, त्यांची बहीण, दोन चुलते, कुठलेसे शेजारी आणि सगळ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली ती. वडिलांनी नावेला बाहेरून थापट्या मारल्या, बैल विकत घेताना मारतात तशा. मग सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "मन्ही पोर कोरडी काठले लागनी, तं सोयरीक पक्की. वली व्हयनी, तं आम्हना रस्ता आम्हले मोकळा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सगळ्यांना मागच्या गाद्यांवर बसवलं, कारण राजेसाहेब तिथेच बसणार म्हणून नाव तशीच बांधलेली होती. "कोणी हालू नका," एवढं बजावलं आणि निघालो.

डोहाच्या मध्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. आत्याबाईंनी तापीमाईला हातही जोडले. माणसं मागे बसल्यामुळे नावेचं नाक पाण्यातून वर उचललेलं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. पण माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची नजर त्या नाकावर गेली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

ज्याने आयुष्यभर बैलगाडी हाकली आहे त्याला एका गोष्टीचा भारी धसका असतो. गाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांना गळफास बसतो. गाडी उलार झाली म्हणतात. अशा वेळी गाडीवान विचार करत नाही, ओरडतो.

"उलार व्हयनी! गाडी उलार व्हयनी! पुढे सरका रे सम्दा!"

सगळे गाडीत वाढलेले. चुलते उठले, शेजारी उठले, आत्याबाई तर लुगडं सावरत सगळ्यांच्या आधी पुढे पोचल्या. मी ओरडत होतो, काठावरून मिस्त्री ओरडत होता, "अरे होडी छे, गाडुं नथी!" पण उलार गाडीत गुजराती कोण ऐकतो? सगळं वऱ्हाड नाकावर जाऊन बसलं. नावेने नाक पाण्यात खुपसलं, शेपूट वर केलं, माझं सुकाणू हवेत लटकलं आणि आम्ही सरळ वाळूच्या दांड्यात घुसलो. पुढची मंडळी ओळीने पाण्यात उतरली. पाणी गुडघाभरच होतं, पण बसल्यावर ते छातीपर्यंत येतं. सासऱ्यांचं पागोटं गुजरातच्या दिशेने निघालं. मी सुकाणू टाकून उडी मारली आणि आधी ते पकडलं.

पागोटं हातात घेऊन उभा होतो तेव्हा मला रडू येत होतं. सासरे चिंब होऊन वाळूत उभे होते. "दखं?" ते चुलत्यांना म्हणाले. "मी सांगस ना, उलार व्हती! असा कारागीरले पोर देवानी?"

तेवढ्यात आत्याबाईंनी तोंडातली वाळू थुंकली आणि नावेकडे बोट केलं. "भाऊ, पोर तं कोरडी शे."

सगळ्यांनी वळून बघितलं. वर उचललेल्या शेपटावर, मागच्या गादीवर, ती एकटी बसली होती. मी बसवली होती तिथेच. पदराचं टोकसुद्धा भिजलं नव्हतं. पदराआड ती हसत होती हे मला खालून दिसत होतं.

सासरे वाळू तुडवत माझ्याकडे आले. मग माझ्या हातातून पागोटं घेतलं, पिळलं, डोक्याला गुंडाळलं आणि म्हणाले, "जबान दी, तं दी." पुढे ते मोटारीत बसले तरी ड्रायव्हरला मागची माणसं पुढे घ्यायला लावीत.

मी मात्र त्या दिवसाच्या जोरावर फुगून होतो. सगळे पळाले, पण हिने माझ्या शब्दावर आणि माझ्या कामावर विश्वास ठेवला! लग्नानंतर एकदा न राहवून तिला विचारलंच, की बाप ओरडत असताना तू का नाही उठलीस?

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुढे बैलच जुपेल नव्हतात. मंग कोना गळाले फास?"