वरणातलं औषध

वॉर्डात पेशंट मला माझ्या पाठीमागे फौजदार म्हणतात. मानसिक आजारांच्या वॉर्डात वर्षं काढल्यावर ‘घेतली ना सिस्टर’ यावर माझा विश्वास बसत नाही. गोळी गिळून, जीभ वर करून दाखवल्याशिवाय मी पलंगापासून हलत नाही.

पडेगावचा एक वेल्डिंगवाला मात्र मला शेरास सव्वाशेर भेटला. चाळिशीतला, धट्टाकट्टा माणूस. गोळीला तो हातच लावायचा नाही, इंजेक्शनवर भागवावं लागत होतं. खायचा फक्त केळी आणि उकडलेली अंडी, म्हणजे स्वतःच्या हातानं सोलता येईल तेवढंच. बायको जेवणात काहीतरी कालवते, असं तो कित्येक महिने सगळ्यांना सांगत होता. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, सासऱ्यानं दम दिला, आणि शेवटी भावांनी आमच्याकडं आणून दाखल केलं. भिंतीपलीकडून शेजारी आपल्याविषयी बोलतो, असंही त्याला ऐकू यायचं. आम्ही दोन्ही गोष्टी आजारातच धरल्या.

एका दुपारी त्याची बायको मला जिन्यापाशी गाठून रडायला लागली. फुलंब्रीकडची, साधी बाई. दाखल व्हायच्या आधी नवरा बाहेरच्या डॉक्टरांच्या गोळ्या थुंकायचा, म्हणून नात्यातल्या कुणीतरी तिला युक्ती सांगितली होती आणि ती त्याच आजाराचं पाण्यासारखं पातळ औषध त्याच्या वरणात घालत होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. रात्रभर ओरडणाऱ्या त्या माणसाजवळ ती राहिली होती, मी नाही. मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, त्याला सांगावं तर लागेलच, पण आधी जरा शांत होऊ द्या.

त्यानं तेवढी सवड दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी पुढं केली, तेव्हा बायको उशाशीच उभी होती. तिच्याकडं न बघता त्यानं मला विचारलं, “सिस्टर, तुमी खोटं बोलत नाय म्हणत्यात. माझ्या ताटात काय व्हतं का नव्हतं?”

तिनं मला हात जोडले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. नाही म्हणणं सोपं होतं, पण मग त्याचं खरं मीसुद्धा वेडात जमा केलं असतं. मी तिला म्हणाले, तुम्हीच सांगा.

“औषध व्हतं,” ती म्हणाली. “तुमाला बरं वाटावं म्हणून घालत व्हते.”

मला वाटलं, हा आता तिच्या अंगावर धावून जाणार. तो उलट ढसाढसा रडला. त्याचं म्हणणं खरं असल्याचं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी कबूल केलं होतं. रडून झाल्यावर त्यानं गोळीचं पाकीट मागून घेतलं, नाव वाचलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. माझा जीव भांड्यात पडला.

गोळी तळहातावर ठेवून त्यानं विचारलं, “म्हंजे मी येडा नव्हतो. मग भिंतीपलीकडं तो बोलतो, तेबी खरंच असंल?”

मी म्हणाले, नाही, तो आजार आहे, त्यासाठीच ही गोळी आहे.

“वरणाच्या टायमालाबी सगळे असंच म्हणत व्हते,” तो म्हणाला, आणि त्यानं गोळी परत माझ्या हातावर ठेवली.