माळकरी मामांचे मासे

माशाचा वास आला तरी आंघोळ करणारा आणि तरीही गावोगावच्या पोरांना मासे पाळायला शिकवणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे मी माझे भाग्य समजतो. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का आणि तोंडात सदैव रोहू नि कटला; अर्थात फक्त नावाने. जन्मात त्यांनी मासा चाखलेला नाही.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मामांना दोन गोष्टी सलू लागल्या: शिकलेली पोरे आणि साठलेले पाणी, दोन्ही वाया. "पोट्टे पुण्याले जाऊन कंपनीत खोके भरून राह्यले, अन् इथं शेततळं नुसतं आभाळाकडं पाहून राह्यलं!" असे म्हणत त्यांनी आधी स्वतः प्रशिक्षण घेतले आणि मग धामणगाव बढ्याजवळच्या आपल्या शेततळ्याकाठी, टिनाखाली, वर्ग भरवला. तेव्हापासून पाणी दिसले की मामांचा हात कोपरापर्यंत आत. तळवा स्पष्ट दिसला तर त्या पाण्यात माशांना खायला काही नाही, अशी त्यांची परीक्षा. एका लग्नात त्यांनी ती पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर घेतली आणि "पाणी उपाशी आहे" असा निकालही जाहीर केला. यजमानांना अख्खे पिंप ओतून द्यावे लागले. मामींनी त्यानंतर बरेच दिवस अबोला धरला होता.

करुणा ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पदवीधर पोरगी, गावातलेच एक शेततळे करायला घेऊन तिने त्यात माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली. पण घरच्यांनी बजावले होते, मासे विकले गेले तर ठीक, नाहीतर भावाबरोबर पुण्याला कंपनीत जायचे. वर्गातली बाकीची पोरेही तिच्याकडेच डोळे लावून बसली होती.

पहिल्या विक्रीला मामा मलाही बाजारात घेऊन गेले. करुणा ताजे मासे मांडून उभी, आणि गिऱ्हाईक नुसते बघून पुढे. "शेततळ्याचा मासा चिखलावानी लागते," एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, "तुह्या सरानं तरी कधी खाल्ला काय वं?" लोक हसले. पोरीचा चेहरा पडला.

मामा तरातरा पुढे झाले. "दे वं पोरी, मोठा पाहून दे." अख्खा बाजार त्यांच्या माळेकडे पाहत राहिला. मामांनी पिशवी पसरली, डोळे मिटले आणि मासा घेतला. मागून एक बाई म्हणाली, "माळकरी माणूस घेऊन राह्यला, तं मलेबी दे." मग मात्र गर्दी हटेना.

ती पिशवी अंगापासून लांब धरून मामा एसटीने थेट आमच्या बुलढाण्याच्या घरी आले. बायकोने कालवण केले. मी जेवायला बसलो आणि मामा बाहेर ओट्यावर, पाठ फिरवून. मी पहिला घास घेतला.

"जावईबापू, चिखलाचा वास तं नाई ना? विकायच्या आधी स्वच्छ पाण्यात ठेवाले लावले होते म्या. आज लोकायनं माळ पाहून घेतले. पुढच्या बाजारी चव पाहूनच घेतीन."

खोटे बोलावे लागले नाही, याचा मला फार आनंद झाला. "नाही मामा. अगदी गोड लागतोय."

मामा उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "मंग नाई जात पोरगी पुण्याले."

आणि उठून आंघोळीला गेले.