बावन्न किलो आणि उसण

९ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पत्नीला पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत बसवत असताना मला खोकला आला आणि डाव्या कुशीत, खालच्या बरगड्यांमध्ये, काहीतरी फाटले. कापड फाटल्यासारखा आवाज झाला असे मला वाटले. पत्नीने तो ऐकला नाही. तेव्हा तो झाला नसावा.

माझे हात सुटले. ती अर्धी पलंगाच्या काठावर आणि अर्धी माझ्या गुडघ्यावर अडकली.

“पोतं हाय का मी?” तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही, कारण त्यासाठी श्वास लागतो. खांद्याने ढकलून मी तिला पुन्हा आडवी केली आणि पलंगाची कड धरून उभा राहिलो. खोकला अकरा दिवसांचा होता. त्याने आतापर्यंत झोप नेली होती. आज कूस नेली.

दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. वाचा राहिली आणि तिचा ती पूर्ण उपयोग करते. मुलगा पुण्याला असतो. आईला तिकडे नेण्याचा त्याचा आग्रह होता आणि तिचा नकार होता. शेवटी असे ठरले की जोपर्यंत मी तिला उचलू शकतो, तोपर्यंत ती नगरला राहील. करार तोंडी होता, पण मी तो पाळत आलो होतो.

आठ वाजता मुलाचा नेहमीचा फोन आला.

“बाबा, खोकला?”

“आहे.”

“आई?”

“ठीक.”

फोन ठेवल्यावर पलंगावरून आवाज आला, “खोटं बोलला तुमी.”

“थोडक्यात बोललो.”

त्यानंतर मी चूक केली. आमच्याकडे कुशीत कळ आली की फडके करकचून बांधतात. मी जुने धोतर छातीभोवती चार वेढे देऊन बांधले. कळ कमी झाली, श्वासही कमी झाला. पत्नीपाशी पाण्याचा तांब्या आणि मोबाईल ठेवून, रिक्षाने मी डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर नववीत माझ्या हाताखाली शिकले होते. त्यांनी आधी माझ्या छातीवरचे धोतर सोडले.

“सर, हे कशासाठी?”

“आधारासाठी.”

“असं आवळलं तर श्वास वरच्यावर राहतो, कफ आत साचतो. मग न्यूमोनिया होऊ शकतो. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय, श्वसनसंस्थेच्या धड्यात.”

मला ते आठवले नाही. परंतु ते खरे असणार. त्यांनी बरगड्या एकेक दाबून पाहिल्या आणि फोटो काढला. हाड शाबूत होते. खोकून खोकून बरगड्यांमधला स्नायू ताणला गेला होता. खोकला येताना उशी कुशीला घट्ट धरायची, दिवसातून तीन वेळा शेकायचे, दर तासाला सावकाश खोल श्वास घ्यायचा, वेदनेची गोळी जेवणानंतर. ताप आला, धाप लागली किंवा कफात रक्त दिसले तर लगेच यायचे.

“आणि तीन आठवडे वजन उचलायचं नाही. भरलेली कळशीसुद्धा नाही.”

“बावन्न किलो?”

“सर, बावन्न किलोचं काय उचलता तुम्ही?”

“पत्नी.”

डॉक्टरांनी थोडा वेळ कागदावर लिहिले. मला वाटते, लिहिण्यासारखे काही उरले नव्हते.

घरी आल्यावर मी सगळे सांगितले. पत्नीने ऐकून घेतले आणि आपले निदान केले.

“उसण भरलीय. पाय लावते. या इकडं.”

इथे खुलासा आवश्यक आहे. माझी पत्नी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, असे लोक मानतात. मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. आमच्या घरी हा प्रकार चालणार नाही, असे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. परिणाम इतकाच झाला की लोक मागच्या दाराने येऊ लागले. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत असे आणि मागे धुण्याच्या दगडापाशी कोणीतरी पालथे पडलेले असे.

मी तिच्या पलंगाशेजारी चटईवर, उजव्या कुशीवर आडवा झालो. विज्ञानाचा प्रश्न त्या वेळी माझ्यापुढे नव्हता.

“उजवाच लावायची मी,” ती म्हणाली. “आता त्येच्यात काय राह्यलं न्हाई. डावा लावू?”

“डावा चालतो?”

“कुनी मागितलाच न्हाई कधी.”

“मग उजवा लाव.”

“मला उचलतो का त्यो!”

मी हात वर करून तिचा उजवा पाय पलंगाच्या काठावरून खाली घेतला आणि माझ्या कुशीला टेकवला. तीन वेळा लावायचा असतो. तीनही वेळा मीच उचलला आणि मीच ठेवला. पाय गार होता आणि मला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

“पडला का फरक?”

“थोडा.”

फरक पडला नव्हता. ती समाधानाने हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“मला लागतंय का कुठं, ते तुमी रोज इचारता,” ती म्हणाली. “आज मी इचारते. उद्या उचलाल का मला?”

“नाही.”

हा शब्द मी दोन वर्षांत तिला प्रथमच म्हणालो.

“मग पुन्याला जायाचं म्हना की.” तिने तोंड भिंतीकडे वळवले.

चार वाजता मी उशी कुशीला धरून शेजारच्या बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांचे यजमान नागापूरला कारखान्यात आहेत. बाई पत्नीकडे पूर्वी दोनदा उसणीसाठी येऊन गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी त्यांना अंधश्रद्धेवर दहा मिनिटे समजावून सांगितले होते.

“सर, तुमी? आन् उशी घेऊन? काकूंनी घराभाईर काढलं काय?”

मी काम सांगितले: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, तीन आठवडे. माझ्याने एकट्याने होणार नाही, हेही सांगितले. हे वाक्य मी वाटेत जुळवून ठेवले होते, तरी ते अर्ध्यावर खोकल्याने तोडले.

“एवढंच ना? दोघी मिळून उचलू,” त्या म्हणाल्या. “म्हंजे मी आन् माझी सून. तुमी नुसते कडंला उभे राहा. पन मी मागच्या दारानं येनार बरं का, सवय हाय.”

“करारात मी उचलायचे आहे,” मी म्हणालो.

त्यांना कळले नाही. मी समजावून सांगितल्यावर कळले. “मग एक टोक तुमी धरा,” त्या म्हणाल्या. “नुसतं धरा. ताकद आमी लावू.”

मुलाला मी फोन केला. सहा वाजून दहा मिनिटांपासूनचे सगळे क्रमाने सांगितले. मग तो म्हणाला, “तीन आठवडे बघू.” पत्नीला मी तेच शब्द सांगितले. तिने तोंड भिंतीकडून इकडे केले आणि चहा मागितला.

सात वाजता त्या दोघी येणार होत्या. साडेसहाला मी जाड चादरीची चौपदरी घडी केली, ती डाव्या हाताने कड धरून कुशीवर वळल्यावर तिच्या अंगाखालून सरकवली आणि धरण्यासाठी कडांना गाठी मारल्या. बाईंच्या बाजूला दोन, सुनेच्या बाजूला दोन. पायांकडे माझ्यासाठी एक.